दाबलेलं की न दाबलेलं

सोमवारी सकाळी कामावर गेले, कॉम्प्युटर चालू केला, कानाला हेडफोन लावला आणि रोजच्यासारखी एकेक बटण ऐकत पुढे सरकायला लागले. "बटन," कानात आवाज आला. पुढे गेले. "बटन." आणखी पुढे. "बटन." मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी बिघडलं. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. तेच. शनिवारी घरी गेले तेव्हा यातल्या प्रत्येक बटणाला नाव होतं आणि ते दाबलेलं आहे की नाही हेही मला ऐकू यायचं. रविवारी प्रोग्रॅमचं नवं व्हर्जन बसवलं होतं, आणि एका दिवसात सगळ्यांची दातखीळ बसली होती.

मला दिसत नाही. जन्मापासून असं नव्हतं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार. आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, मग समोरचं. मुलगी शाळेत जायला लागली तोवर खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच कळायचं. तेव्हा मी एका गोदामात बिलं करत होते, ते सुटलं. मग एका संस्थेत जाऊन स्क्रीन रीडर शिकले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो, तो. माऊस आमच्या कामाचा नाही, सगळं कीबोर्डवर. शिकून झाल्यावर जिथे जिथे मुलाखतीला गेले तिथे एकच उत्तर मिळालं, "मॅडम, आमचं सॉफ्टवेअर तुम्हाला चालणार नाही." हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की समोरच्याने "मॅडम" म्हटल्याबरोबर मी पर्स उचलायचे.

चाकणजवळच्या कुरुळीतल्या साहेबांनी तसं म्हटलं नाही. त्यांची रुग्णवाहिकांची लहानशी सेवा होती. चाकणच्या पट्ट्यात मोठ्या कंपन्यांकडे स्वतःची गाडी असते, डॉक्टर असतो. पण त्यांना माल पुरवणारी पत्र्याच्या शेडमधली वर्कशॉप्स असतात, त्यांच्याकडे फक्त एक फोन नंबर असतो. तो नंबर आमच्या टेबलावर वाजायचा. साहेब स्वतः पूर्वी रुग्णवाहिका चालवायचे. त्यांनी मला एक रेकॉर्डिंग ऐकवलं आणि विचारलं, "काय झालंय सांगा." मी म्हटलं, "माणूस वरून पडलाय आणि बोलणारा खोटं सांगतोय की तो खाली उभा होता." ते हसले आणि म्हणाले, "उद्यापासून या."

दिवसपाळीला आम्ही दोघीच. शेजारच्या टेबलावर सिंधुदुर्गची एक बाई, माझ्याहून थोडी लहान. फोन आला की आधी ठिकाण विचारायचं, मग दुसऱ्या लाइनवर गाडीच्या ड्रायव्हरला पाठवायचं, आणि गाडी पोचेपर्यंत समोरच्या माणसाला सोडायचं नाही. काय करायचं, काय करायचं नाही, ते सांगत राहायचं. साहेबांनी डॉक्टर बोलावून आम्हाला ते शिकवलं होतं. ड्रायव्हरशी बोलताना पहिल्या लाइनवर म्यूट लावायचं, म्हणजे त्याचं आपल्याला ऐकू येतं पण आपला आवाज त्याला जात नाही, कारण कुठल्या रस्त्याने यायचं ही वादावादी घाबरलेल्या माणसाने ऐकू नये. बोलून झालं की म्यूट काढायचं. दिवसातून कितीदा तरी दाबायचं बटण ते.

त्या सोमवारी मी बटणांच्या जागा पाठ करून टाकल्या. म्यूट चौथं. नाव नसलं तरी जागा पाठ करता येते. पण ते दाबलेलं आहे की नाही, हे पाठ कसं करणार? ते दर वेळी बदलतं.

"रंग बदलतो गो," शेजारचीने सांगितलं. "म्यूट लावलं की लाल होतं, काढलं की राखाडी. छान केलंय तसं. मोठं मोठं केलंय सगळं."

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "सॉफ्टवेअरवाल्यांना कळवतो. तोवर जरा सांभाळून घ्या, ताई."

मी सांभाळून घेतलं. अंध माणसाला त्याची सवय असते. बटण दाबलं की मी मान शेजारी वळवायची आणि ती न विचारता सांगायची, "लाल." किंवा "राखाडी." ती फोनवर असली तर मी समोरच्याला विचारायचे, "माझं ऐकू येतंय ना?" त्याने हो म्हटलं की पुढे. एकदा मी म्यूटमध्येच बराच वेळ बोलले, पण तो साधा फोन होता, कुणाच्या तरी पाठीत उसण भरली होती. तो माणूस चिडला आणि विषय तिथेच संपला. मला मात्र त्या दिवसापासून झोप लागेना. सकाळी मोशीहून बसमध्ये बसले की मी मनात बटणं मोजायला लागायचे. साहेबांना पुन्हा विचारलं. म्हणाले, "पुढच्या व्हर्जनला करतो म्हणालेत." पुढचं व्हर्जन कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग तो फोन आला. जेवणानंतरची वेळ होती. शेजारची दुसऱ्या फोनवर एका बेशुद्ध पडलेल्या कामगाराच्या भोवती जमलेल्यांना पांगवत होती. माझा फोन वाजला. उचलला तर आधी नुसता धाडधाड आवाज, लोखंडावर लोखंड पडल्याचा. त्यामागून एक माणूस ओरडत होता.

"ताई, गाडी पाठवा! पत्र्याच्या प्रेसमधी हात गेला!"

"कुणाचा हात? तुमचा?"

"माझ्या जोडीदाराचा. लई रगत चाललंय ताई. लवकर करा."

बोलण्यावरून मराठवाड्याकडचा वाटला, तरुण. मी ठिकाण विचारलं. त्याने नीट सांगितलं, देवळामागचं शेड, निळं गेट. मी म्हटलं, "फोन ठेवू नका. मी गाडीला सांगते आणि लगेच तुमच्याशी बोलते." चौथ्या बटणावर गेले. "बटन." दाबलं. दुसऱ्या लाइनवर ड्रायव्हरला लावलं. तो मोशीच्या अलीकडे अडकला होता. कुठून वळायचं यावर त्याचं-माझं बोलणं झालं, त्याने फोन ठेवला आणि निघाला. मी पुन्हा चौथ्या बटणावर आले आणि दाबलं.

मला हे नंतर कळलं, की नव्या प्रोग्रॅममध्ये ड्रायव्हरने आधी फोन ठेवून दुसरी लाइन बंद केली तर पहिलीवरचं म्यूट आपोआप निघायचं; एरवी मीच आधी ठेवायचे. दिसणाऱ्यांची सोय केली होती. लालचं राखाडी झालेलं त्यांना दिसायचं आणि ते हात लावायचे नाहीत. मी मात्र दाबलं, आणि उघडी लाइन पुन्हा बंद केली.

"गाडी निघालीये," मी म्हटलं. "आता नीट ऐका. स्वच्छ कापड घ्या, जखमेवर घट्ट दाबून धरा. हात छातीच्या वर उचलून धरा. सोडू नका."

"हॅलो?" तो म्हणाला.

मागे मशिनी चालूच होत्या. मला वाटलं, आवाजामुळे ऐकू जात नाही. मी मोठ्याने म्हटलं, "मशीन बंद करायला सांगा! कापड दाबून धरा!"

"हॅलो, ताई?"

"बोटं तुटून पडली असतील तर ती उचला! स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला, पिशवी बर्फावर ठेवा. बरोबर द्यायची आहेत. ऐकताय का?"

"ताई, आहेत का तुम्ही? बोला ना. काय करू मी?"

मी आता किंचाळत होते. शेजारचीने तिच्या माइकवर हात ठेवून मला "हळू" म्हटलेलं मला ऐकू आलं. आणि त्याच वेळी फोनमधला माणूस तोंड बाजूला वळवून दुसऱ्या कुणाला तरी म्हणाला, "न्हाई बोलत. गेली वाटतं ती."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. चौथं बटण. "बटन." दाबलं. आता उघडलं का? की आधीपासून उघडंच होतं, त्याला खरंच मशिनीमुळे ऐकू जात नव्हतं, आणि आत्ता मीच बंद केलं? "बटन," कानातला आवाज म्हणाला, शांतपणे, जसा नेहमी म्हणायचा. मी पुन्हा दाबलं. "बटन." मी ओरडले, "कुणीतरी बघा, लाल आहे का!" शेजारचीने वळून बघितलं आणि म्हणाली, "लाल आहे, लाल!" मी दाबलं. तोवर फोन कट झाला होता.

मी परत लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. आमची गाडी तिथे पोचली तेव्हा शेड उघडंच होतं आणि जखमी माणसाला एका टेम्पोत घालून पिंपरीला नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. दार लावून घेतलं आणि रेकॉर्डिंग लावलं. प्रोग्रॅम सगळे फोन रेकॉर्ड करायचा, पण लाइनीवरून जे जातं तेच. ठिकाण विचारतानाचा माझा आवाज होता. मग मशिनीची धाडधाड आणि तो माणूस, हॅलो, ताई, बोला ना, काय करू मी. मधल्या मधल्या जागा मोकळ्या. मी तिथे नव्हतेच.

"मी बोलत होते, साहेब."

"मला माहितीये. शेजारच्या ताईंनी सांगितलं."

"मी सगळं सांगितलं त्याला. कापड, बर्फ, सगळं."

"ताई," साहेब म्हणाले, आणि रेकॉर्डिंग बंद केलं. "वर्कशॉपचा मालक विचारतोय, तुमची बाई गप का होती. मी काय सांगू त्याला? काही दिवस तुम्ही फोन घेऊ नका. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

माणूस वाईट नव्हता, म्हणून त्यांच्यावर चिडताही येईना. मी बाहेर आले. माझी खुर्ची दाराजवळ नेऊन ठेवली होती. दुसरं काम काही नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी विचारायचं, एवढंच. माझ्या टेबलावरचा फोन वाजत राहायचा. शेजारची एक फोन संपवून दुसरा उचलेपर्यंत तो किती वेळ वाजायचा! प्रत्येक घंटीमागे कुणीतरी आहे हे मला माहीत होतं आणि माझे हात मांडीवर होते. एकदा मला राहवलं नाही, उठून उचलायला गेले. शेजारचीने मनगट धरलं. "नको गो," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

घरी मी बोलेनाशी झाले. नवरा चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, दिवसभर मशिनीशीच त्याची गाठ. त्याने पहिल्यांदा समजूत घातली, मग एका संध्याकाळी ताट माझ्यासमोर सरकवून म्हणाला, "तू जेव. नाहीतर मीपण जेवत नाही." मी म्हटलं, "ती नोकरी गेली तर मला दुसरी कोण देईल?" तो म्हणाला, "नोकरीचं नंतर बघू." मी म्हटलं, "नोकरीचं नाही रे. त्या माणसाला वाटलं, मी निघून गेले. त्याचा जोडीदार रक्तात आणि मी फोन ठेवून निघून गेले, असं वाटलं त्याला." हे मी पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं होतं. मग मला रडू आवरेना.

रविवारी तो म्हणाला, "चल, जाऊन येऊ." कुठे, ते मी विचारलं नाही. आमच्या ड्रायव्हरकडून त्याने ठावठिकाणा काढला होता. पिंपरीत महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही गेलो. नवऱ्याच्या दंडाला धरून मी जिने चढले. वॉर्डात औषधांचा आणि सोललेल्या मोसंबीचा वास होता. कॉटजवळ जाऊन नवऱ्याने नमस्कार केला, सांगितलं, आम्ही रुग्णवाहिकेच्या कचेरीतून आलोय. मी म्हटलं, "आता कसं वाटतंय?"

तेवढंच बोलले होते. कॉटच्या पलीकडून स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"तुमीच ना त्या ताई?" तोच आवाज. आज मागे मशिनी नव्हत्या, म्हणून कोवळा वाटला. "फोनवर होत्या त्या?"

"हो."

"मग गप का बसल्या तुमी?"

नवरा मध्ये बोलायला गेला, मी त्याचा हात दाबला. "मी गप नव्हते. मी बोलत होते. माझ्या फोनचं बटण बंद राहिलं होतं आणि मला ते कळलं नाही. मला दिसत नाही. पूर्वी बटण बोलून सांगायचं, आता सांगत नाही."

त्याला माझे डोळे दिसले असणार. मग कॉटवरचा माणूस बोलला, थकलेला, वयाने मोठा. "काय सांगत होता, ताई, तवा?"

"कधी?"

"तवाच. ह्यो हॅलो हॅलो करत होता तवा. तुमी काय सांगत होता?"

मी तिथे उभी राहून सांगितलं. कापड घट्ट दाबून धरा. हात छातीच्या वर धरा. मशीन बंद करा. आणि मग थांबले. पुढचं सांगायचं की नाही, कळेना. "आणि?" तो म्हणाला. मी सांगितलं, बोटं स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला, पिशवी बर्फावर ठेवा.

तरुण म्हणाला, "डॉक्टरनं विचारलं व्हतं. बोटं आणली का म्हणून. आमाला काय ठावं."

शेजारच्या कॉटवर कुणीतरी खोकत होतं. माझ्या नवऱ्याने विचारलं, आणली असती तर बसली असती का? कॉटवरचा माणूस म्हणाला, "कुणाला म्हाईत. चेचली होती पार. डॉक्टर म्हणला, सांगता येत न्हाई." आणि थोड्या वेळाने, जणू मलाच धीर देत, "कापड आमी बांधलंच की, ताई. त्येवढं कळतं."

मी हात पुढे केला. त्याने डावा हात माझ्या हातात दिला. उजव्याला पट्टी होती.

परत येताना स्कूटरवर मी नवऱ्याला म्हटलं, "मला त्या सॉफ्टवेअरवाल्यांकडे ने. उद्याच."

त्याने रजा टाकली. साहेबांना फोन करून मी पत्ता विचारला. ते आधी नको म्हणाले, मग म्हणाले, "जा. मीपण कळवून ठेवतो." चिंचवडला एका इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. एसीच्या गारठ्यात बराच वेळ बसवून ठेवलं. मग एक जण आला. तिशीचा असावा, बोलणं घाईचं. म्हणाला, आमच्या फोनच्या प्रोग्रॅमचा पडदा त्यानेच बनवला होता.

"मॅम, तुमचा मुद्दा लिस्टमध्ये आहे. पण फक्त एकाच क्लायंटकडे एकच युजर आहे तसा, त्यामुळे..."

"एकच आहे," मी म्हटलं. "मीच."

"तुम्हाला नेमकं काय हवंय, सांगा. पूर्ण आवाजी सिस्टीम बनवायची तर खूप काम आहे."

"आवाजी काही नको. आवाज माझ्याकडे आहे. मला एवढंच कळायला हवं, की माझं तोंड उघडं आहे की बंद."

त्याने मला त्याच्या टेबलाशी नेलं. मी माझा स्क्रीन रीडर पेनड्राइव्हवर नेला होता, तो त्याच्या कॉम्प्युटरवर चालू केला आणि पुढच्या बटणावर नेणारी टॅबची कळ दाबत गेले. बटन. बटन. बटन. त्याने हे कधी ऐकलं नव्हतं. म्हणाला, "पण हे तर लाल होतंय ना." मग स्वतःशीच म्हणाला, "साधं बटण घेतलं मी आणि वर रंग मारला. प्रोग्रॅमला ते साधं बटणच आहे. रंग फक्त डोळ्याला." मी म्हटलं, "मग जुन्यात कसं सांगायचं?" म्हणाला, "जुन्यात चेकबॉक्स होता, खूण करायचा चौकोन. दिसायला बरा नव्हता, म्हणून काढला."

माझा नवरा मागे उभा होता. तो म्हणाला, "दिसायला बरा नव्हता." एवढंच, सावकाश. त्या पोराची काय अवस्था झाली असेल, कुणास ठाऊक. मी दवाखान्यातलं सगळं सांगितलं त्याला, बोटांसकट. त्याने मला पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "मी करतो."

त्याने केलंही, लवकरच. साहेबांनी नवं बसवलं आणि मला म्हणाले, या, ऐका. मी चौथ्या बटणावर गेले. "म्यूट, टॉगल बटन, नॉट प्रेस्ड." नाव आलं! टॉगल म्हणजे एकदा दाबलं की लागणारं, पुन्हा दाबलं की निघणारं. दाबलेलं नाही, म्हणजे माझा आवाज जातोय. डोळ्यांत पाणी आलं. दाबलं. "अनम्यूट, टॉगल बटन, प्रेस्ड."

मी तशीच बसून राहिले. अनम्यूट, दाबलेलं. म्हणजे काय? आवाज उघडलेला आहे? की बटणाचं नाव आता उलटं झालं, ते दाबलं तर आवाज उघडेल? की दाबलेलंच आहे, म्हणजे उघडलाच? जितका विचार केला तितका गुंता वाढला. शेजारचीला विचारलं, रंग कुठला? म्हणाली, "लाल." म्हणजे बंद. म्हणजे अनम्यूट दाबलेलं असलं की म्यूट असतं. एखादा माणूस रक्तात पडलेला असताना हे कोडं कोण सोडवणार?

साहेब म्हणाले, "झालं ना आता? बोलतंय की." मला तेव्हा जे वाटलं ते सांगता येणार नाही. इतक्यावर आलं होतं आणि इथेच सगळे म्हणणार, झालं, तुमच्यासाठी केलं, अजून काय पाहिजे. मला वाटलं, म्हणावं हो, झालं. खुर्चीवर बसावं आणि दर फोनला कोडं सोडवावं. मी म्हटलं, "नाही झालं, साहेब. हे आधीपेक्षा वाईट आहे. आधी मला माहीत नव्हतं. आता चुकीचं माहीत होईल."

मी चिंचवडच्या त्या मुलाला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "पण मॅम, बटणावर मी नाव बदललं, म्हणजे लोकांना कळेल ना दाबल्यावर काय होणार ते."

"एक तर नाव बदला, नाही तर दाबलेलं-न दाबलेलं सांगा. दोन्ही केलं तर एकाने दुसऱ्याचं खोडलं जातं. नाव 'म्यूट'च ठेवा, कायम. ते दाबलेलं आहे का, एवढंच बदलू दे. आणि दुसरी लाइन बंद झाल्यावर तुमचा प्रोग्रॅम स्वतःच म्यूट काढतो ना, तेव्हाही मला ऐकू आलं पाहिजे. मी तिथे नसताना बदललं तरी."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता. "सांगा, पुन्हा सांगा," तो म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. त्या दिवशी तीनदा त्याने मला काही ना काही पाठवलं आणि तीनदा आम्ही ऐकलं. एकदा दाबल्यावर प्रेस्ड म्हणायचं पण काढल्यावरही प्रेस्डच म्हणत राहायचं, बाजूला जाऊन परत आल्याशिवाय कळायचं नाही. तेही त्याने काढलं. शेवटी साहेबांनी ड्रायव्हरला दुसऱ्या लाइनवर घेतलं, त्याने फोन ठेवला, आणि मी काहीही न दाबता कानात आलं, "म्यूट, नॉट प्रेस्ड." मी साहेबांच्या दिशेला मान वळवली. ते म्हणाले, "खुर्ची आणा रे ताईंची."

मी पुन्हा फोन घ्यायला लागले. पहिले काही दिवस मला कानातल्या आवाजावर विश्वास ठेवता येईना. नॉट प्रेस्ड ऐकलं तरी मी विचारायचे, "माझं ऐकू येतंय ना?" अजूनही विचारते. लोक चिडतात. "येतंय ना ताई, किती वेळा!" तरी मी विचारते. प्रेसच्या त्या जखमी माणसाची दोन बोटं गेली. त्याला त्याच वर्कशॉपमध्ये माल मोजायला बसवलं, असं त्याच्या जोडीदाराने मला एकदा फोन करून सांगितलं.

दिवाळीच्या थोडं आधी एका सकाळी मी कॉम्प्युटर चालू केला तर प्रोग्रॅम उघडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. कानात आवाज आला, नवीन व्हर्जन बसवलं जात आहे. कुणी मला विचारलं नव्हतं. मी टॅब दाबत चौथ्यावर गेले. तिथे आता दुसरंच काहीतरी होतं. म्यूट सापडलं, पाचवं, पण त्याच्यापुढे "बटन" एवढंच. फोन वाजायला लागला.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि उभी राहिले.

"काय झालं गो?" शेजारचीने विचारलं.

"मी हे घेणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू येईना. "हे पूर्वीचं लावल्याशिवाय मी हात लावणार नाही. हा फोन तू घे."

तिने तो घेतला. साहेब आतून आले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आजचा दिवस जरा सांभाळून..." आणि मध्येच थांबले. मला वाटतं, ते रेकॉर्डिंग त्यांनाही आठवलं असावं. शेजारचीने तिचा फोन संपवला आणि माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "साहेब, दोन फोन मी एकटी घेते. पण ताई तशी बसायची नाही." साहेबांनी तिथेच चिंचवडला फोन लावला. तिकडे तोच मुलगा होता. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. म्हणाला, त्याच्या नकळत दुसऱ्या कुणीतरी बटणांचा तो भाग पुन्हा केला होता. त्याने जुनं व्हर्जन परत पाठवलं. ते बसेपर्यंत मी उभीच होते. पाय दुखायला लागले तरी बसले नाही. कारण एकदा बसले की सवयीने हात फोनकडे जाईल, याची मला खात्री होती.